राखणदारावर राखण कोणाची?

धनत्रयोदशीला आपल्याकडे दोन पूजा होतात. पेढीवर धनाची आणि वैद्याच्या घरी धन्वंतरीची. ज्या कोणी पूर्वजाने हे दोन्ही देव एकाच तिथीला बसवले, तो मोठा विनोदी असावा किंवा मोठा दूरदर्शी तरी असावा. इस्पितळाचे बिल हाती पडल्यावर ज्या गृहस्थाने कपाळावरचा घाम पुसला आहे, त्याला या योगायोगाचा अर्थ निराळा सांगायला नको!

लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापारी नवी वही उघडतो, पण त्याआधी जुन्या वहीची बेरीज मारतो. दिवाळीच्या निमित्ताने या सदरातही आज एक जुनी वही काढू या. ती आहे डॉक्टर, वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट या मंडळींची. एका पानावर आपण त्यांच्यावर टाकलेला विश्वास मांडलेला आहे. समोरच्या पानावर त्या विश्वासाला जामीन कोण, हे लिहिलेले असायला हवे. गेल्या काही वर्षांत याच पानावर बरीच खाडाखोड झाली आहे आणि ती प्रत्येक कुटुंबाने वाचून ठेवावी अशी आहे.

मंडईत वांगी घेताना आपली गृहिणी प्रत्येक वांगे उलटसुलट करून पाहते. कापडाचे सूत बोटांत धरून पाहते. पण पोटावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टराची पारख ती कशी करणार? त्याची चूक झाली तरी ती चूक होती की नशीब होते, हे कळायलाही दुसरा डॉक्टरच लागतो. वकिलाची गोष्टही तशीच. दावा हरल्यावर कायदा आडवा आला की वकील झोपला होता, हे पक्षकाराला कळत नाही. म्हणून समाजाने या मंडळींशी फार पूर्वी एक करार केला. आम्ही तुम्हांला सनद देतो, सनदेवाचून कोणी हा व्यवसाय करणार नाही. त्याबदली तुमच्यातल्या नालायकांना तुम्हीच शोधून बाहेर काढा. इंग्लंडात १८५८ साली या कराराचा कायदा झाला. आपल्या मुंबई इलाख्यात तो १९१२ साली आला. अखिल भारतासाठी १९३३ साली आणि पुन्हा नव्याने १९५६ साली कायदा झाला आणि भारतीय वैद्यक परिषद त्यानुसार कारभार पाहू लागली. महाराष्ट्राची आपली परिषद १९६५ च्या कायद्याखालची. चार्टर्ड अकाउंटंटांचा कायदा १९४९ चा, वकिलांचा १९६१ चा. कायदे निराळे, पण सर्वांचे सूत्र एकच: भावकीचा निवाडा भावकीतच व्हावा.

आता भावकीचा निवाडा म्हटला की भाऊ भावाकडे कसा पाहतो, हे आपणां मराठी माणसांना कोणी शिकवायला नको. एक तर तो भावाला पाठीशी घालतो, नाहीतर त्याच्या मुळावर उठतो. तिऱ्हाईताचे गाऱ्हाणे मात्र दोन्ही परींनी ओसरीवरच बसून राहते.

एक जुना खटला सांगतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो, पण घराघरांतून तो ठाऊक असावा अशा योग्यतेचा आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. तेथे जमले तेवढे उपचार करून त्याला मोटारीने पुण्यास आणले. पुण्याच्या एका शल्यविशारदाने हाड बसवले. मुलगा ९ मे रोजी वारला. अपघात झाला होता ६ तारखेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांचे म्हणणे असे, की पुरेशी भूल न देता, माणसांकरवी जोराने पाय ओढून हाड बसवले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला. त्यांनी दिवाणी दावा लावला. तो खालच्या कोर्टातून उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. २ मे १९६८ रोजी अखेरचा निकाल लागला आणि तो वडिलांच्या बाजूने लागला. नुकसानभरपाई किती? तीन हजार रुपये.

मुलाच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षे आणि तीन हजार रुपये! पण त्या निकालाने एक गोष्ट कायमची सांगून ठेवली. रोगी हाती घ्यावा की नाही, घेतला तर कोणते उपचार करावे आणि ते कसे करावे, या तिन्ही बाबतींत डॉक्टरावर काळजी घेण्याचे कर्तव्य असते. यातले एक जरी चुकले तरी रोग्याला दाद मागता येते. येथे लक्षात घेण्याजोगे हे, की फिर्यादी स्वतः डॉक्टर होता. त्याला भुलेचे महत्त्व कळत होते, कागद वाचता येत होते आणि पंधरा वर्षे लढण्याइतकी चिकाटीही होती. हेच एखाद्या कारकुनाच्या किंवा गिरणीकामगाराच्या मुलाचे झाले असते, तर तो खटला पहिल्या पायरीपर्यंतही पोचला नसता.

सामान्य माणसाला ही पायरी ठेंगणी झाली ती ग्राहकांच्या कायद्यामुळे. कायदा १९८६ चा. पण डॉक्टर त्यात मोडतात की नाही, यावर पुढची काही वर्षे घोळ चालला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले, की पैसे घेऊन केलेले उपचार ही 'सेवा' आहे आणि तीत कसूर झाल्यास रोगी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. जेथे कोणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत, अशी इस्पितळे तेवढी त्यातून वगळली. डॉक्टरांच्या संघटनेचा मुद्दा असा होता, की आमच्यावर परिषदेची शिस्त आहे, मग आणखी ग्राहक न्यायालय कशाला? न्यायालयाचे उत्तर सरळ होते. परिषदेने डॉक्टराला शिक्षा केली तरी ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात काही पडत नाही.

आता ती परिषद स्वतः कशी चालली होती, ते पाहा. एप्रिल २०१० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या अध्यक्षांनाच लाचेच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण खात्याने अटक केली. पुढच्याच महिन्यात सरकारने परिषद बरखास्त करून तेथे नियामक मंडळ बसवले. २०१३ च्या सुमारास परिषद पुन्हा उभी राहिली. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्या कारभारावर कडक अहवाल दिला. ज्यांचे नियमन करायचे त्यांनीच आपले नियामक निवडून द्यावेत, ही पद्धतच टाकून द्यावी असे समितीचे मत पडले. सप्टेंबर २०१८ मध्ये वटहुकूम निघाला, २०१९ मध्ये नवा कायदा झाला आणि २५ सप्टेंबर २०२० पासून जुन्या परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणून मालकाने कुंपण उपटले, इथवर गोष्ट सर्वांना समजण्याजोगी आहे.

प्रश्न पुढे आहे. नव्या कुंपणाच्या आत शेतकऱ्याला कुठे उभे केले? आयोगात अध्यक्ष धरून ३३ माणसे. त्यांतल्या तीन जागा कायदा, व्यवस्थापन, अर्थशास्त्र, विज्ञान, वैद्यकीय नीती, संशोधन, रोग्यांचे किंवा ग्राहकांचे हक्क अशा विषयांतल्या जाणकारांसाठी. म्हणजे रोग्याच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाला जागा आहे. पण तीन खुर्च्या आणि बसणारे विषय सात-आठ! आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात 'थोडे सरका' म्हणत शिरावे, तसे रोग्याच्या प्रतिनिधीने तेथे शिरायचे.

याहून महत्त्वाची गोष्ट अपिलाची. राज्याच्या परिषदेने तुमची तक्रार फेटाळली तर पुढे काय? पूर्वीच्या नियमांत राज्य परिषदेच्या निर्णयाने ज्याचे समाधान झाले नाही, अशा कोणालाही साठ दिवसांत वरच्या परिषदेकडे जाता येत असे. २०१९ चा कायदा लिहिताना त्याच्या तिसाव्या कलमात अपिलाचा हक्क सांगितला तो डॉक्टराचा. ज्याचा मुलगा किंवा जिची आई गेली, त्याचा किंवा तिचा तेथे उल्लेखच नाही. या कलमाकडे बोट दाखवून रोग्यांच्या नातेवाइकांची अपिले आयोगाने परत पाठवली आणि त्यावरून मोठा वाद झाला. ज्याच्यावर आरोप आहे त्याला वरच्या कोर्टाची वाट मोकळी आणि ज्याने आरोप केला त्याला दारावरच अडवायचे, असे दिवाणी कज्ज्यात कोणी केले तर आपण त्याला न्याय म्हणणार नाही. हा हक्क कलमाच्या शब्दांतच असला पाहिजे. तो कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवता कामा नये.

नियम कसे येतात आणि जातात, याचाही एक मासला घ्या. २ ऑगस्ट २०२३ रोजी आयोगाने डॉक्टरांच्या वर्तणुकीचे नवे नियम जाहीर केले. औषध मूळ नावाने लिहावे, कंपनीच्या नावाने नव्हे; औषध कंपन्यांच्या पैशावर भरणाऱ्या परिषदांना जाऊ नये; शिवीगाळ करणाऱ्या रोग्यावर उपचार करण्यास डॉक्टर नकार देऊ शकेल, अशी त्यांत बरीच कलमे होती. डॉक्टर रागावले, कंपन्याही रागावल्या आणि २३ ऑगस्टला ते नियम स्थगित होऊन २००२ चे नियम पुन्हा अमलात आले. कोंबडी अंड्यावर बसते तेही एकवीसच दिवस. पण तिच्या बैठकीतून निदान पिल्लू तरी बाहेर पडते!

डॉक्टरांपुरतेच बोललो तर वकील मंडळी गालांत हसतील. त्यांचीही वही उघडू. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईचेच एक प्रकरण आले होते. येथल्या फौजदारी कोर्टाच्या आवारात काही वकील पक्षकार दिसला की त्याच्याकडे धाव घेत, त्याचे कागद ओढत आणि आपसांत हिसकाहिसकी करीत. स्टेशनबाहेर टांगेवाले उतारूंची वळकटी ओढीत, त्यातलाच प्रकार. राज्याच्या वकील परिषदेने त्यांना दोषी धरले. वरच्या परिषदेने मात्र त्यांना मोकळे सोडले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की वकिली हा बाजार नव्हे.

त्याच न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी निकाल दिला, की वकिलाच्या कामात कसूर झाली म्हणून पक्षकाराला ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही. वकील पक्षकाराच्या सांगण्याप्रमाणे चालतो, तेव्हा ती वैयक्तिक सेवा ठरते आणि तशी सेवा कायद्यातून वगळलेली आहे, असा त्याचा आधार. न्यायमूर्तींनी जाता जाता असेही म्हटले, की डॉक्टरांविषयीच्या १९९५ च्या निकालाचाही मोठ्या पीठाने पुन्हा विचार करावा. हे वाचून अनेक घरांत काळजी पसरली. पण ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या फेरविचाराची गरज नाही असे ठरवले. तेव्हा ग्राहक कायद्यातली तुमची पायरी शाबूत आहे. मात्र वकिलाविरुद्ध गाऱ्हाणे असेल तर राज्याच्या वकील परिषदेकडे जा, नाहीतर दिवाणी दावा लावा. परिषदेने वर्षभरात निकाल दिला नाही तर प्रकरण दिल्लीच्या परिषदेकडे जाते, असे १९६१ चा कायदा सांगतो. वकिलांनी वकिलांपुढे युक्तिवाद करून वकिलांना वगळून घेतले, असे आमचे एक स्नेही म्हणतात. ते वकील नाहीत, हे निराळे सांगायला नको.

हिशेबतपासनीसांच्या बाबतीत सरकारने अधिक घाई केली. कारण तेथे पैसा होता! जानेवारी २००९ मध्ये सत्यम कंपनीचे फुगवलेले हिशेब उघडे पडले. ज्यांनी त्यांवर सह्या केल्या, त्यांचा निवाडा त्यांच्याच संस्थेने करावा हे कोणाला पटेना. कंपनी कायद्यात तरतूद झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या हिशेबतपासनिसांवर देखरेख ठेवणारे निराळे राष्ट्रीय प्राधिकरण उभे राहिले. २०२२ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून शिस्त समित्यांचे अध्यक्षपद व्यवसायाबाहेरच्या माणसाकडे द्यावे असे ठरवले. भागधारकाचे पैसे बुडू नयेत म्हणून पंच बाहेरचा हवा, हे ज्या संसदेला कळले, तिला रोग्याचा जीव जाऊ नये म्हणूनही पंच बाहेरचा हवा, हे कळायला कठीण जाऊ नये.

ज्या इंग्लंडची नक्कल करून आपण परिषदा काढल्या, तेथे काय झाले? तेथेही एका गावात लोकांच्या गळ्यातला ताईत झालेला एक डॉक्टर आपल्याच रोग्यांचे खून करीत असल्याचे उघड झाले. जानेवारी २००० मध्ये तो दोषी ठरला आणि पुढच्या चौकशीने परिषदेच्या ढिलाईवर ठपका ठेवला. तेव्हापासून त्या देशाने आपली घडी बदलली. आता तेथील परिषदेच्या बारा सभासदांपैकी सहा बिगरडॉक्टर असतात. चौकशी करणारे निराळे आणि निवाडा करणारे निराळे असतात. आणि २०१२ च्या अखेरीपासून प्रत्येक डॉक्टराची पात्रता ठराविक काळाने पुन्हा तपासली जाते. आपल्याकडे महाराष्ट्र परिषदेत पाच वर्षांनी नोंदणी ताजी करताना शिक्षणाचे तीस गुण दाखवावे लागतात. सुरुवात म्हणून ठीक आहे; पण व्याख्यानाला हजेरी लावली म्हणजे हात सुधारला असे होत नाही.

येथवर वाचून एखादे डॉक्टर म्हणतील, की हे सदर आमच्यावर दात धरून आहे. तसे मुळीच नाही. गेल्या कित्येक वर्षांत रोगी दगावला की इस्पितळाच्या काचा फोडायच्या, ऐन तारुण्यातल्या निवासी डॉक्टराला मारहाण करायची, हा अत्यंत लाजिरवाणा प्रकार आपल्या राज्यात वारंवार घडला. त्याविरुद्ध २०१० मध्ये निराळा कायदा करावा लागला. शिवाय प्रत्येक मृत्यू हा निष्काळजीपणा नसतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की डॉक्टरावर फौजदारी चालवायची तर कसूर ढोबळ असली पाहिजे आणि आधी तटस्थ तज्ज्ञाचे मत घेतले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेतही निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास इतरांना पाच वर्षांपर्यंत, तर नोंदणीकृत डॉक्टराला उपचार करताना तसे घडल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. भीतीने हात कापणारा शल्यविशारद कोणालाच नको, म्हणून ही सवलत आम्हांला मान्य आहे.

पण दगड मारणारा हात कोठून येतो, याचाही विचार डॉक्टरांनी करावा. तक्रारीचा अर्ज दिला तर त्याचे सहा महिन्यांत उत्तर यावे, असे नियमच सांगतात. ते वेळेवर आले, कारणांसह आले, समजेल अशा मराठीत आले आणि पटले नाही तर वर जाण्याची वाट मोकळी असली, तर शंभरातली बहुतेक माणसे दगड उचलणार नाहीत. जेथे दार उघडत नाही, तेथेच खिडक्या फुटतात. परिषद कडक आणि उघडी असणे हा प्रामाणिक डॉक्टराचा सर्वांत मोठा विमा आहे. महाराष्ट्रात प्रामाणिक डॉक्टर पुष्कळ आहेत, हे आपण सर्व जाणतो. मध्यरात्री दार ठोठावल्यावर ज्यांनी उठून आपली पोरे वाचवली, ते तेच.

दुसरा घोळ पदव्यांचा. होमिओपॅथीची पदवी घेतलेल्या मुंबईच्या एका डॉक्टराने एका तापकऱ्याला ॲलोपॅथीची औषधे दिली. रोगी १९९२ मध्ये वारला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीला तीन लाख रुपये देवविले आणि म्हटले, की ज्या शास्त्राचे शिक्षण घेतले नाही त्याची औषधे देणारा भोंदूच होय. पुढे २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांना ती औषधे देण्याची मुभा दिली. २०२५ मध्ये त्यांची नावे वैद्यक परिषदेत नोंदवण्यावरून वाद पेटला आणि सप्टेंबरात डॉक्टरांनी संपही केला. खेड्यात डॉक्टर नाही, ही एक बाजू; वर्षभरात साडेपाच वर्षांचे शिक्षण होत नाही, ही दुसरी. निर्णय काहीही होवो, दारावरच्या पाटीवर कोण काय शिकला आहे हे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले असावे, एवढे तरी रोग्याचे म्हणणे कोणाला अमान्य होऊ नये.

शेवटी घरातल्या वहीत टिपून ठेवण्याजोग्या चार गोष्टी. डॉक्टराचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि औषधाच्या चिठ्ठीवर असलाच पाहिजे. तो परिषदेच्या नोंदवहीशी ताडून पाहता येतो. उपचारांचे कागद लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा २००२ च्या नियमांत दंडक आहे. ते मागण्यात डॉक्टराचा अपमान नाही. सनदेविषयी तक्रार असेल तर राज्याच्या परिषदेकडे आणि भरपाई हवी असेल तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जावे. या दोन निराळ्या वाटा आहेत आणि दुसरीला मुदत दोन वर्षांची आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगात दाव्याची फी पडत नाही. आणि शस्त्रक्रियेपूर्वी प्रश्न विचारायला लाजू नका. वांगे उलटून पाहणाऱ्या गृहिणीने ही सवय दवाखान्याच्या उंबऱ्यावर सोडून देऊ नये.

सरकारने भावकीच्या हातातली काठी काढून घेतली, हे वाईट झाले नाही. पण ती आपल्याच हातात ठेवून आपण राखणदार झालो, असे सरकारने समजू नये. काठीचे एक टोक ज्याचे शेत आहे त्याच्याही हाती हवे. ते मिळेपर्यंत निदान आपण आपले कागद नीट लावून ठेवू या.

वाचकहो, फराळ बेताने करा, फटाके जपून उडवा आणि डॉक्टरांनाही एक दिवस घरी दिवाळी साजरी करू द्या. शुभ दीपावली!